बिडाचा तवा आणि चोर्ल्याचा उतार

चोर्ला घाट उतरून केरी जवळ आली की एका वळणावर अंजुणे धरणाचे पाणी झाडांच्या फटीतून एकदम दिसते. आमच्या आईचे हे लाडके वळण. तिचे माहेर साखळी. लग्न होऊन बेळगावात आली त्याला पन्नास वर्षे होऊन गेली, पण ते पाणी दिसले की ती अजून पदर सावरते आणि तिच्याही नकळत कोकणी बोलू लागते. २०२३ च्या भाऊबीजेला मात्र त्या वळणावर ती काहीच बोलली नाही. दोन्ही हातांनी तिने समोरचा डॅशबोर्ड धरला होता. स्टिअरिंग माझ्या हातात पिठाच्या चाळणीसारखे हलत होते, ब्रेकचे पेडल रोजच्यापेक्षा खोल जात होते आणि गाडीत करपल्याचा वास भरला होता.

वळण निघाले. धरण मागे टाकून सपाटीला आल्यावर गाडी बाजूला घेतली. पुढच्या चाकांतून धूर निघत होता. आई खाली उतरली, चाकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पिशवीतले ओवाळणीचे ताट सांडले नाही ना, एवढेच तपासले. अर्ध्या तासाने निघालो. साखळीत मामाला ओवाळून झाले, जेवणे झाली. दुपारी ती शांतपणे म्हणाली, "तू हो पुढे. मी उद्या बसने येते."

त्यानंतरचे एक वर्ष ती माझ्या गाडीत बसली नाही असे नाही. शहापूरला साड्या घ्यायला बसली, डॉक्टरकडे बसली. पण पिरनवाडी फाट्यापलीकडे नाही. मामांचे वय ८० च्या पुढे, ते आता प्रवास करत नाहीत. आईचे गुडघे बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत. म्हणजे शिगमो गेला, चवथ गेली, आणि भाऊ-बहीण फोनवर एकमेकांची औषधे विचारत राहिले. हे सगळे कशामुळे, तर माझ्या गाडीच्या चाकातल्या बिडाच्या दोन चकत्यांमुळे. निदान मी तरी तसेच समजत होतो.

आता गाडीविषयी सांगायला हवे. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे दोनशेच्या घरातल्या अश्वशक्तीची टर्बो गाडी कशी, हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये माझ्यासमोर एकदा आणि माझ्यामागे पुष्कळदा विचारला गेला आहे. एक चुलतभाऊ परदेशी गेला, जाताना त्याने ती पडत्या भावात दिली आणि मी घेतली, एवढीच हकीगत. बायकोचे म्हणणे वेगळे आहे. तिचे माहेर धारवाडचे, तिथे स्पष्ट बोलायची पद्धत. "ह्यांना चाळिशीत ही गाडी सुचली, हे काय कमी झाले," असे ती कन्नडमध्ये आपल्या आईला सांगते, मला कळत नाही असे समजून. मला सगळे कळते.

बेळगावच्या माणसाला गोव्याला उतरायला वाटा पुष्कळ. आंबोलीवरून सावंतवाडीला जा, अनमोडवरून मोल्याला जा, धाडस असेल तर तिलारीचा घाट उतरा. पण साखळीला जायचे तर चोर्लाच. खानापूर रोडने तिसरे रेल्वे गेट, उद्यमबाग, मग पिरनवाडीला फाटा. किणये गेले की शहर सुटते. कुसमळीला मलप्रभा ओलांडायची, जांबोटीला चहा घ्यायचा. पुढे झाडी दाट होत जाते, फोनचा सिग्नल जातो आणि आईचे बोलणे वाढते. कणकुंबीला माउलीचे देऊळ आहे आणि तिथेच मलप्रभेचा उगम. ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. जवळच पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस म्हादईच्या खोऱ्यात उतरून अरबी समुद्राला जातो. एकाच ढगाचे पाणी, पण कुठल्या समुद्राला जायचे ते थोड्याशा अंतरावर ठरते. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या आमच्या मुलीला मी हे एकदा सांगितले, तर ती म्हणाली, "मग त्या ढगाला दोन्ही भाषा येत असतील."

इथवर ब्रेकला फारसे काम नसते. काम सुरू होते ते चोर्ल्याच्या पुढे. तिथून केरीपर्यंत रस्ता ढोबळ मानाने सहाशे मीटर खाली उतरतो असे धरू. चार माणसे आणि फराळाचे डबे धरून गाडीचे वजन सतराशे किलो. एवढे वजन एवढे खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती कुठेतरी गेली पाहिजे. आमच्या फिजिक्सच्या सरांनी कागदावर हिशोब करून दिला. ती सगळी ब्रेकमध्येच गेली, तर तीस-बत्तीस लिटर गार पाण्याला उकळी येईल. म्हणजे जुन्या काळचा आंघोळीचा मोठा बंब! यातली काही ऊर्जा वारा खातो, काही इंजिन खाते, जर चालवणारा त्याला खाऊ देत असेल तर. मी देत नव्हतो. स्वयंचलित गिअर 'डी'वर ठेवून, पाय ब्रेकवर टेकवून, गप्पा मारत मी उतरत आलो होतो. पण हे तेव्हा लक्षात आले नव्हते. तेव्हा राग होता तो डिस्कवर.

पुस्तकात रोटर म्हणतात, गॅरेजमध्ये डिस्क प्लेट. चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरणारे पॅड, असा हा साधा प्रकार. जुन्या अॅम्बॅसेडरला आणि पद्मिनीला चारही चाकांना ड्रम असत. ड्रमच्या आत उष्णता कोंडते, उघड्या चकतीला वारा लागतो. १९५३ साली फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जग्वारने जिंकली, ती डनलॉपच्या डिस्क ब्रेकच्या जोरावर, आणि तिथून ही चकती हळूहळू घरगुती गाड्यांपर्यंत आली. माझ्या गाडीची पुढची डिस्क ३१२ मिलिमीटर व्यासाची, नवी असताना २५ मिलिमीटर जाड, आणि मधून पोकळ. दोन थरांच्या मध्ये पंख्यासारख्या भिंती असतात, त्यांतून वारा खेळतो. वजन सात-आठ किलो. गाडी थांबवण्याचे सत्तर टक्क्यांच्या आसपास काम पुढचीच चाके करतात, त्यामुळे मागच्या चकत्या बऱ्याच सुखात असतात.

पहिल्या गॅरेजवाल्याने चाक काढायच्या आधीच निदान केले. "सर, डिस्क वाकडी झालीय. लेथवर फिरवून सरळ करून देतो." बेळगावात हे वाक्य प्रत्येकाने ऐकले असेल. मी चकत्या सोडवून घेतल्या आणि उद्यमबागेत एका ओळखीच्या टर्नरकडे नेल्या. हा गृहस्थ कन्नड बोलणारा, वय साठीचे, हात तेलाने कायमचे काळे झालेले. त्याने लेथकडे पाहिलेसुद्धा नाही. मायक्रोमीटर काढला आणि चकतीच्या कडेने आठ ठिकाणी जाडी मोजली. प्रत्येक आकडा खडूने चकतीवरच लिहिला. मग म्हणाला, "तेळ्ळग आगेद्री सर." पातळ झालीय.

सगळ्यात जाड ठिकाणी २२.४० आणि सगळ्यात पातळ ठिकाणी २२.३७. चकतीच्या कडेला ओतकामातच अक्षरे उठवलेली असतात, गंज पुसल्याशिवाय दिसत नाहीत. त्याने वायरब्रश मारून दाखवली : कमीत कमी जाडी २२ मिलिमीटर. त्याखाली गेली की चकतीत उष्णता साठवायला पुरेसे लोखंड उरत नाही, ती लवकर तापते, तडकू शकते. लेथवर दोन्ही बाजूंनी थोडे थोडे कातले असते तर ती बाविसावर किंवा त्याखाली आली असती. "मला काय, लेथवर लावायचे पैसे मिळतील," तो म्हणाला, "पण तुम्ही घाटात जाणार." त्याने ते काम घेतले नाही, आणि मोजण्याचेही पैसे घेतले नाहीत. चहा मात्र मला पाजावा लागला.

त्याने समजावले ते असे. डिस्क तापून पापडासारखी वाकडी होते हा बहुतेक वेळा गैरसमज असतो. खरी गोष्ट बारीक असते. हबवर गंजाचा कण राहिला किंवा चाकाचे बोल्ट एकाच बाजूने गच्च आवळले, की चकती केसभर तिरकी बसते. मग प्रत्येक फेऱ्याला ती पॅडला एकाच ठिकाणी हलकेच घासते आणि तिथे झिजते, किंवा पॅडचा माल तिथे चिकटतो. जाडीत फरक पडतो. माझ्या चकतीत तो फरक तीन शतांश मिलिमीटर होता, म्हणजे डोक्याच्या केसाच्या निम्मासुद्धा नाही, आणि तेवढ्याने स्टिअरिंगची चाळणी झाली. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवली तरी पॅडचा ठसा उमटतो. मी केरीला नेमके तेच केले होते, कारण घाबरलो होतो.

पेडल खोल गेले, त्याला मात्र डिस्क जबाबदार नव्हती. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिते. 'डॉट ४' प्रतीचे ऑइल नवे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, ओलावा मुरल्यावर तोच आकडा १५५ वर येतो. उकळले की बुडबुडे होतात आणि पाय मऊ गादीवर ठेवल्यासारखा खाली जातो. दर दोन वर्षांनी ते बदलायचे असते. मी गाडी घेतल्यापासून, म्हणजे २०१९ पासून, बदलले नव्हते. आपल्या पावसाळ्यात चार वर्षे! पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल तर दोष तापलेल्या पॅडचा. पेडल मऊ पडले तर संशय ऑइलवर. स्टिअरिंग थरथरले तर डिस्क आणि हब. एवढे जरी घाटवाल्या माणसाने लक्षात ठेवले तरी गॅरेजात त्याला कोणी फसवू शकणार नाही.

आता नव्या चकत्या कुठल्या घ्यायच्या? इथे घरात दोन पक्ष पडले. पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्याने फोटो पाठवले. चाकाच्या आत चमकणारी भोकांची डिस्क, वर लाल रंगाचा कॅलिपर. "मामा, होलवाल्या घे. कसल्या भारी दिसतात!" खरेच भारी दिसतात. भोकांचा इतिहासही आहे. जुन्या काळचे पॅड तापले की वायू सोडत, तो वायू पॅड आणि चकतीच्या मध्ये अडकून पकड सुटे, त्याला वाट म्हणून भोके. आताचे पॅड तितका वायू सोडत नाहीत. पावसात पाणी निघून जायला भोकांचा थोडा फायदा होतो, वजनही थोडे कमी होते. पोर्शेसारख्या गाड्यांना तर कारखान्यातूनच भोकांच्या डिस्क येतात. पण भोक म्हटले की तिथे ताण गोळा होतो, आणि वारंवार तापणे-निवणे झाले की बारीक तडे भोकाच्या कडेपासून निघतात. आणि भोकाच्या जागी लोखंड नसते, हे वेगळे सांगायला नकोच. तीस लिटरचा बंब तापवायचा आणि चुलीतली लाकडे कमी करायची, असा हा प्रकार नाही. इथे बंबच लहान करायचा आणि उष्णता तेवढीच ओतायची!

भोकांऐवजी चरे पाडलेल्या डिस्कही मिळतात. चरा पॅडचा वरचा करपलेला थर खरवडतो, पाणी आणि धूळ बाहेर काढतो. तडकण्याची भीती भोकांपेक्षा कमी. पण पॅड लवकर झिजतात आणि जोराने ब्रेक लावला की गुणगुणल्यासारखा आवाज येतो. शर्यतीच्या मैदानावर जाणाऱ्याने जरूर घ्याव्यात. दोन तुकड्यांची डिस्कही असते, मधला भाग अॅल्युमिनियमचा आणि बाहेरचे कडे बिडाचे. हलकी, तापल्यावर मोकळेपणाने फुगणारी, आणि किमतीला माझ्यासारख्याला झेपणारी नाही. कार्बन सिरॅमिकची तर गोष्टच सोडा. त्या पगारात त्याचा विचारसुद्धा महाग.

दुसरा पक्ष आईचा. तिचे मत कोणी विचारले नव्हते. भाच्याने पाठवलेला फोटो मुलीने तिला दाखवला, तर चष्मा वर करून तिने पाहिला आणि म्हणाली, "हा बिडाचा तवाच ना? मग भोके कशाला? घावणे खाली पडतील."

हसू आले, पण त्या वाक्याने माझी गाडी रुळावर आली. खरेच, हे बीडच. आईच्या तव्याचे आणि माझ्या डिस्कचे कुळ एक. आमच्या सासूबाई त्याला हंचु म्हणतात, आई तवा म्हणते, आणि दोघींचे एका बाबतीत एकमत आहे : तवा जड हवा. पातळ तवा लवकर तापतो, लवकर निवतो आणि मध्येच करपवतो.

उद्यमबागेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची फाउंड्री आहे. बी. कॉम.च्या वर्गात तो मागच्या बाकावर बसून झोपा काढायचा. वडिलांच्या पश्चात आता तोच कारखाना सांभाळतो. तिथे डिस्क बनत नाहीत, पंपांचे आणि व्हाल्व्हचे भाग ओतले जातात, पण बीड म्हणजे काय हे मला तिथे कळले. संध्याकाळी ओतकामाची वेळ होती. भट्टीतून लाडलमध्ये घेतलेला रस वाळूच्या साच्यात उतरत होता. बघताना डोळ्यांना झोंबणारा तो पिवळा-पांढरा रंग आणि वाळूतल्या जळक्या काजळीचा वास. या गावाच्या कितीतरी घरांची चूल या वासावर पेटते, आणि आम्ही मात्र गावाची ओळख कुंदा आणि मांडे एवढीच सांगतो.

त्याने मला तुटलेल्या कास्टिंगचा तुकडा हातात दिला. आतून करडा. "सर, ह्याला ग्रे आयर्न म्हणतात ते ह्या रंगामुळे. आत कार्बन ग्रॅफाइट होऊन बसतो, पातळ पाकळ्यांसारखा. पाकळ्यांमुळे उष्णता पटापट पसरते, आणि कंपन आतल्या आत मरते. म्हणून ब्रेकला पोलाद न वापरता हे वापरतात." साध्या ग्रे आयर्नमध्ये कार्बन ३.२ ते ३.५ टक्के, तर 'हाय कार्बन' म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये तो ३.६ च्या वर, ३.९ पर्यंत. तेवढ्याने उष्णता जास्त चांगली पसरते, एका जागी डाग पडत नाहीत, तडे आणि थरथर कमी. ज्या मुलाला मी वृत्ते शिकवू शकलो नव्हतो, तो मला वीस मिनिटांत धातुशास्त्र शिकवून गेला. निघताना म्हणाला, "सर, साधी, जड, हाय कार्बन घ्या. दिसायला काही नाही. पण घाटाला दिसण्याशी काय करायचंय?"

मग ठरले. भोके नाहीत, चरे नाहीत. मूळ मापाची, २५ मिलिमीटर जाडीची, हाय कार्बन, आणि मधल्या टोपीला व आतल्या भिंतींना गंजरोधक लेप दिलेली. हा लेप आपल्याकडे चैनीचा नाही. जूनमध्ये गाडी आठवडाभर उभी राहिली की चकत्या तांबूस होतात. घासण्याच्या जागेवरचा तो गंज दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नाही. पण हबवर बसणाऱ्या भागाचा आणि हवेच्या वाटांतला गंज आत राहतो आणि वाढतो. गोव्याच्या खाऱ्या हवेत जाणाऱ्या गाडीला तर फारच.

बाजारात नावे पुष्कळ आहेत. इटलीची ब्रेंबो, जर्मनीच्या एटीई आणि झिमरमन, शिवाय गाडीच्या कंपनीचा स्वतःचा शिक्का. यांच्यात मी फार डोके घातले नाही. मी चार गोष्टी पाहिल्या. खोक्यावरचा भाग क्रमांक माझ्या गाडीच्या चॅसिस नंबरवरून जुळतो का. कडेवर किमान जाडी ओतलेली आहे का. वजन जुन्या नव्या डिस्कइतके भरते का, कारण नकली मालात पहिली चोरी लोखंडाची होते. आणि युरोपचे 'आर ९०' हे मान्यतेचे चिन्ह आहे का. त्या नियमात बदली पॅड पूर्वीपासून होते, २०१६ पासून तिथे येणाऱ्या नव्या मॉडेलांच्या बदली डिस्कही आल्या. डिस्क नेहमी जोडीने बदलायच्या आणि पॅड त्यांच्याबरोबर नवे घ्यायचे. जुन्या पॅडवर जुन्या चकतीच्या वळ्या उमटलेल्या असतात, ते नव्या चकतीला नीट टेकत नाहीत. इथे पैसे वाचवायचा मोह मला झाला होता, हे कबूल करतो.

खोके घरी आले तेव्हा आईने एक डिस्क पायरीवर टेकून ठेवायला लावली आणि बोटाच्या पेराने वाजवून पाहिली. शनिवार खुटावरच्या दुकानात तवा घेताना ती असेच करते. तडकलेले बीड बद्द वाजते. "चांगली आहे," एवढेच म्हणाली आणि आत गेली.

बसवायचे काम मी त्या टर्नरने सुचवलेल्या छोट्या गॅरेजात केले. त्या मुलाने हब वायरब्रशने चकचकीत होईपर्यंत घासला, डिस्क लावली आणि डायल गेज टेकवून हाताने फिरवली. तीन शतांश. पाच शतांशांच्या आत असले की पुरे. चाकाचे बोल्ट त्याने समोरासमोरचे, एकाआड एक असे आवळले, टॉर्क रेंचने, १२० न्यूटन मीटरवर. पत्र्याच्या नळीचा दांडा घालून उड्या मारण्याची आपली पद्धत इथेच थांबली पाहिजे. माझ्या डिस्कच्या आतल्या भिंती सरळ आहेत, म्हणून डावी-उजवी एकच. पण भिंती वक्र असतील तर डावी आणि उजवी वेगळी असते, आणि पुष्कळ लोक वरच्या चऱ्यांची दिशा बघून त्या उलट बसवतात. बाहेरून दिसणारे चरे नव्हेत, आतल्या भिंती बघायच्या. गाडी पुढे जाताना त्या मागे कललेल्या असल्या की वारा बाहेर फेकला जातो. शेवटी जुने ब्रेक ऑइल काढले. ते चहासारखे काळपट होते. आल्याच्या नव्हे, टपरीवर तिसऱ्यांदा उकळलेल्या.

तव्याला जसे आधी तेल लावून तापवून तयार करावे लागते, तसे नव्या डिस्क-पॅडचेही आहे. रविवारी पहाटे हायवेला हिरेबागेवाडीच्या दिशेने गेलो. मागे-पुढे कोणी नाही असे पाहून ८० च्या वेगावरून २० पर्यंत, बेताच्या जोराने, दहा-बारा वेळा, मध्ये वारा खाऊ देत. पूर्ण थांबायचे नाही. मग बराच वेळ ब्रेक न लावता गाडी चालवून थंड होऊ द्यायची. असे केल्याने पॅडचा पातळ, एकसारखा थर चकतीवर बसतो. शेजारी बायको बसली होती. सातव्या वेळी ती म्हणाली, "निधानवे प्रधान." कन्नड मुलखातल्या रस्त्यांवर ही पाटी जागोजागी दिसते : सावकाशीलाच मान. मी म्हटले, सावकाश होण्याचेच शिक्षण चालले आहे.

त्यानंतर आम्ही दोघेच एकदा चोर्ला उतरून आलो. या वेळी गिअर हाताने खाली घेतला, तिसरा, अवघड जागी दुसरा. इंजिन घोंघावत होते आणि त्याला घोंघावू दिले. ब्रेक लावायचा तेव्हा नीट लावायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा, म्हणजे चकतीला वारा मिळतो. पाय नुसता टेकवून ठेवायचा नाही. खाली उतरल्यावर वास नाही, धूर नाही, थरथर नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण एक विचार आला की गेल्या वर्षी हाच पाय असाच वागला असता, तर त्या जुन्या पातळ चकत्यांनीही कदाचित आईला नीट उतरवले असते. हे मी बायकोला बोललो नाही. तिला ते माहीत असावे.

२०२४ ची भाऊबीज रविवारी आली. आईला कोणी आग्रह केला नाही. सकाळी ती ताट भरून, डोक्याला रुमाल बांधून स्वतःच पुढच्या सीटवर येऊन बसली. पिरनवाडी गेली, किणये गेले. जांबोटीला चहा घेतला नाही. कणकुंबीला देवळाच्या दिशेने तिने हात जोडले. चोर्ल्यानंतर बोलणे बंद. मी गिअर खाली घेतला तेव्हा इंजिनाचा आवाज वाढला, तशी तिने माझ्याकडे पाहिले. "गाडी ओरडते का?" मी सांगितले, ओरडत नाही, ब्रेकचे थोडे काम ती करते आहे. ती पुन्हा समोर पाहू लागली. हात मांडीवर होते, ताट त्यांच्यामध्ये.

धरण दिसले. खाली सपाटीला, मागच्या वर्षी थांबलो होतो त्याच जागी मी गाडी बाजूला घेतली, उतरलो आणि चाकाजवळ वाकून हाताची पाठ धरली. गरम होते, पण तव्यासारखे, पीठ घालण्याआधीच्या. आईने काच खाली केली.

"वास येता?"

"नाही."

"मग कित्याक रावला? चल. दादा वाट पळयता."